बांधाची पाठ बघितलीत का?

कर्जत म्हटलं की तुमच्या-आमच्या डोळ्यांपुढे आधी काय येतं? स्टेशनवरचा दिवाडकरांचा बटाटेवडा! घाट चढण्यासाठी गाडीला मागून इंजिनं जोडेपर्यंत आपला वडा खाऊन व्हायचा. हल्ली मात्र कर्जतला उतरायचं ते कुणाच्या तरी फार्महाउसवर जायला. ह्यांच्या एका स्नेह्यांनी दिवाळीनंतर आम्हांला बोलावलं. म्हणाले, "वहिनी, आमच्याकडे स्वतःचं धरण आहे हं!" मला हसूच आलं. धरण म्हणजे काय फ्रीज आहे, स्वतःचं असायला?

पण होतं खरं. दोन टेकड्यांमधल्या ओहोळाला आडवा घातलेला मातीचा बांध, दोन-अडीच पुरुष उंच. आत निळंशार पाणी, काठाला एक होडी, बांधावर बसायला बाकं आणि सावलीसाठी रांगेनं लावलेले गुलमोहर. मुलं तर टॉवेल घेऊन धावलीच.

तसं खासगी मालकीचं पाणी या मुलखाला नवं नाही. टाटांनी घाटमाथ्यावर धरणं बांधून १९१५ साली खोपोलीला आणि १९२२ साली भिवपुरीला वीज काढायला सुरुवात केली. भिवपुरीचं सोडलेलं पाणी पेज नदीत येतं, म्हणून ती भर वैशाखातही वाहते. पण त्या धरणांच्या दिमतीला अभियंत्यांची फौज. आमच्या स्नेह्यांचा बांध मालक आणि जेसीबीवाला या दोघांनी मिळून घातलेला!

बागेची राखण करणारी एक ठाकर बाई होती. तिचं घर बांधाच्या खालच्या अंगाला, अगदी हाकेच्या अंतरावर. मी पाण्याचं कौतुक करत होते, तर म्हणाली, "ताई, तोंड काय बघता, पाठ बघा की!" आणि मला मागच्या बाजूला घेऊन गेली.

मैत्रिणींनो, मातीचा बांध म्हणजे नुसता मातीचा ढीग नव्हे. मोदकात जसं सारण, तसा त्याच्या पोटात चिकण मातीचा गाभा असतो. पाणी अडवतो तो गाभा. वरची मुरमाची पारी त्याला आधार देते, आणि पाण्याकडच्या उताराला लाटांनी माती धुपू नये म्हणून दगड बसवतात. तरीही थोडं पाणी झिरपतंच. झिरपण्याला भ्यायचं नाही, रंगाला भ्यायचं. ती बाई रोज सकाळी बांधाच्या पायथ्याशी स्टीलचा पेला लावते. पाणी नितळ आलं तर ठीक. गढूळ आलं तर समजायचं, पाण्याबरोबर आतली माती निघाली. आज चिमूटभर, उद्या टोपलीभर. हे तिला कुणी शिकवलं विचारलं, तर म्हणाली, "शिकवायला कशाला पायजे? निजतो आम्ही हितंच ना."

मग तिनं खेकड्यांची बिळं दाखवली. गुलमोहराच्या मुळांकडे बोट केलं. बांधावर मोठं झाड नकोच. ते मेलं की मुळं कुजतात आणि मातीत आयत्या नळ्या तयार होतात. सावलीची हौस अशी नडते! सांडवा मात्र होता, पण त्याच्या तोंडाशी मासे अडवायला जाळी मारलेली आणि जाळीत पालापाचोळा गच्च बसलेला. दूध उतू गेलं तर आपण ओटा पुसतो. कर्जतच्या पावसात पाणी मातीच्या बांधावरून उतू गेलं, तर बांधच पुसला जातो.

चिपळूण तालुक्यातलं तिवरे आठवतं ना? २ जुलै २०१९च्या रात्री तिथलं मातीचं धरण फुटलं आणि पायथ्याची घरं माणसांसकट वाहून गेली. ते तर सरकारी धरण होतं. गळतीच्या तक्रारी गावकऱ्यांनी आधीच केल्या होत्या. नंतर खापर फुटलं खेकड्यांवर! २०२१ साली धरण सुरक्षा कायदा आला, पण तो लागू १५ मीटरहून उंच धरणांना, आणि १० ते १५ मीटरमधल्या काहींना. फार्महाउसच्या बांधाची उंची मोजायला कोण येणार?

मी परतले तो मुलं पाण्यात उतरायच्या बेतात. बाईनं लांबूनच हाक मारून थांबवलं. बांधाला लागणारी माती पुष्कळदा तलावाच्या पोटातूनच उपसतात, त्यामुळे तळ ताटासारखा सपाट नसतो. गुडघाभर पाण्यात चालता चालता पुढचं पाऊल एकदम डोक्याएवढ्या खड्ड्यात, आणि खाली गाळ. वरून काही म्हणता काही दिसत नाही. मुलं हिरमुसली, पण होडीत बसली, तीही फुगवलेली जाकिटं घालून. जाकिटं मालकांच्या कपाटात होती, कोऱ्या पिशवीत!

तुम्हीही जाल. जरूर जा, दिवाळीनंतर ते माघापर्यंत हवा अशी सुरेख असते की परतावंसं वाटत नाही. पावसाळ्यात मात्र नको. कर्जत-खालापूरच्या धबधब्यांवर आणि धरणांवर दरवर्षी माणसं बुडतात, म्हणून हल्ली तिथं जायला मनाईचे हुकूम निघतात. गेल्यावर आधी सांडवा बघा, बांधाची पाठ बघा, आणि खाली कुणाची घरं आहेत तेही. यजमानांना विचारायला संकोच कसला? स्वयंपाकघरात गॅसची नळी तपासतोच ना आपण.

जेवताना मी विषय काढला. स्नेह्यांचा चेहरा जरा उतरला. "अहो वहिनी, पाच पावसाळे काढलेत त्यानं," म्हणाले. ह्यांनी मला डोळ्यांनी दटावलं. पण पंगत उठल्यावर ते स्वतःच चपला घालून बांधामागे गेले. आम्ही निघालो तेव्हा सांडव्याची जाळी काढून बाजूला ठेवलेली होती. बाईनं पिशवीत कोवळी वालपापडी घातली. तिच्या दारातल्या खुंटीवर तो पेला उलटा टांगलेला होता, उद्याच्या सकाळसाठी.