झिजलेले दाते

हे गेल्यावर अंगणात त्यांची पद्मिनी उरली. कधी एका चावीत सुरू व्हायची, कधी स्टार्टर नुसताच घरघरायचा. तिसरा गिअर टाकला की खर्रऽऽ! मुलगा म्हणाला, "आई, भंगारात देऊ." मी गप्प. शेवटी पुतण्या म्हणाला, "काकू, घरीच उघडतो."

गिअरबॉक्स उतरवला, क्लच काढला, मग ते जडशीळ फ्लायव्हील निघालं. कडेचे दाते समोरासमोरच्या दोनच जागी झिजलेले, बाकीचे धड. चार सिलिंडरचं इंजिन बंद होताना बहुतेक याच दोन ठिकाणी थांबतं म्हणे, त्यामुळे स्टार्टरचा मार त्याच दात्यांना. आमच्या घरातलं बोलणंही असंच एकाच जागी अडायचं.

गिअरबॉक्समधल्या पितळी सिंक्रो रिंगा गुळगुळीत झालेल्या. गिअर अडकण्याआधी थोडं घासून दोघांचा वेग जुळवायचा, हे त्यांचं काम. ते घासणंच संपलं की खरखर सुरू!

कुर्ल्याच्या कारखान्यातून पद्मिनी निघणं थांबून २० वर्षं उलटली. तरी जुन्या बाजारात फ्लायव्हील मिळालं. तिसऱ्या रविवारी गिअरबॉक्स परत चढवायला माणूस कमी पडला, तेव्हा मुलगा बाह्या सारून गाडीखाली शिरला.

गाडी ठेवायची की विकायची, अजून ठरलेलं नाही. पण हल्ली तो विषय निघाला की आम्ही दोघं बोलतो, थोडं घासतो, आणि पुढे जातो.