डीप फ्रीझर आणि आशीर्वाद

सांगलीच्या एका तरुण भाविकाने घरचा आडवा डीप फ्रीझर बिअरसाठी सिद्ध करून आशीर्वादास्तव आम्हांस पाचारण केले. कारागिरी नामी! फ्रीझरच्या भिंतींत गॅसच्या नळ्या असतात. म्हणून तेथे छिद्रे न पाडता झाकणाखाली लाकडी चौकट बसवून तीत तोट्या लावलेल्या. उणे १८ ऐवजी ३ अंशांवर थंडावा राखणारा थर्मोस्टॅट बाहेरून जोडलेला. पिंपाशेजारी कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर. रोमन विधिग्रंथात बिअरच्या आशीर्वादाची प्रार्थना आहे, हेही त्याने हुडकलेले. ती आहेच.

परंतु साताऱ्याहून आलेले त्याचे वडील, मद्य सोडून जेमतेम २ वर्षे झालेले, त्याच खोलीत निजत.

"बाळा, हा गच्चीवरच्या खोलीत ने, कुलूप घाल, मग ग्रंथ उघडू," आम्ही म्हणालो. तो रुसला. चौथ्या दिवशी फ्रीझर जिन्यात होता. खालून वडील टेकू देत होते.