एक जूनची मुलगी

उंची मोजायची तर आधी वेण्या सोडाव्या लागतात. आश्रमशाळेतल्या मुली लाल रिबिनी इतक्या घट्ट आवळतात की निम्मी सकाळ त्यातच जाते. पण मागे वेणीची गाठ राहिली की डोकं फळीला टेकत नाही, हनुवटी वर जाते आणि आकडा बिघडतो.

जव्हारकडची शाळा, जूनचा तिसरा आठवडा. मुलगी १४० सेंटिमीटर, २९ किलो. बीएमआय १४.८. रजिस्टरप्रमाणे तेरा पूर्ण. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या तक्त्यात तेरा वर्षांच्या मुलीची उणे दोन प्रमाण विचलनाची रेघ बीएमआयला १४.९ वर, उंचीला १४२.५ वर. म्हणजे कृश आणि खुजीही. फॉर्मवर दोन फुल्या मारल्या.

मग जन्मतारखेकडे लक्ष गेलं. १ जून. खालच्या ओळीत १ जून. त्याच्याही खाली १ जून.

शनिवारी तिची आई भेटायला आली. "लावणीत झाली, थोरल्याच्या मागून दोन पावसाळ्यांनी." थोरल्याचं लसीचं कार्ड घरी होतं. त्यावरून हिशेब मांडला, तर पोरीला बारा व्हायलाही काही दिवस बाकी! बारा वर्षांच्या रेघा १४.४ आणि १३७.६. दोन्ही फुल्या खोडल्या.

काटा शंभर ग्रॅमने चुकला तर आम्ही तो बदलून मागतो. वय वर्षाने चुकलं तर मुकाट्याने उतरवून घेतो. आणि हे वय असं, की एका वर्षात पोर हातभर वाढल्यासारखी दिसते. पाळी लवकर येणारी आणि उशिरा येणारी, दोघींना तक्ता एकाच रेघेवर उभं करतो. शिवाय पाच वर्षांखालचा २००६ चा तक्ता मुलं कशी वाढायला हवीत ते सांगतो. त्यापुढचा हा मात्र मुख्यतः अमेरिकेतली पूर्वीची मुलं कशी वाढली ते सांगतो. भारतीय मुलांवरून बेतलेले, बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचे (आयएपी) २०१५ चे तक्तेही माझ्या पिशवीत असतात. पण जन्मतारीखच गुरुजींनी ठरवलेली असेल, तर कुठलाही तक्ता उघडा.

फुल्या खोडल्या तरी ताटात काय पडतं ते पाहायचं होतंच. रेघेच्या वर असणं म्हणजे पोटभर असणं नव्हे. तिचं नाव मी वहीत वेगळं लिहून ठेवलं.

दिवाळीची सुट्टी संपल्यावर पुन्हा गेले. १४३.२, आणि ३१ किलो. फळीपाशी आली तेव्हा रिबिनी तिच्या मुठीत होत्या.