बातमीत न सापडणाऱ्या मुली

त्रिनिदादच्या वर्तमानपत्रांत मानवी तस्करीबद्दल काय छापून येतं, हा माझ्या संशोधनाचा विषय. ‘एक्सप्रेस’, ‘गार्डियन’ आणि ‘न्यूजडे’ ही तिथली तीन इंग्रजी दैनिकं पुण्यात बसून वाचायची, असं ठरवलं. पहिल्या दिवशी ‘ह्यूमन ट्रॅफिकिंग’ हे शब्द टाकून शोध घेतला. हाती लागली मंत्र्यांची भाषणं, कार्यशाळांची उद्घाटनं आणि अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याच्या वार्षिक अहवालावरच्या प्रतिक्रिया. ज्यांच्यासाठी हे सगळं चाललं होतं, त्या मुली त्यात नव्हत्या.

त्या सापडल्या दुसऱ्याच बातम्यांत. बारवर छापा, व्हेनेझुएलाच्या बायका ताब्यात, कागदपत्रं नाहीत. आपल्याकडे अशा छाप्यानंतर ‘तरुणींची सुटका’ असा मथळा येतो, तिथे ‘ताब्यात घेतले’. पासपोर्ट कोणी काढून घेतला होता, बोटीच्या भाड्याचं कर्ज कोणाचं होतं, बाहेर पडायची मुभा होती का, हे एखाद्या वाक्यात आलं तर आलं. शेवटी शब्द टाकून शोधणं सोडलं आणि गुन्ह्यांच्या बातम्या एकेक करून वाचायला घेतल्या. महिन्याभराचं काम वर्षावर गेलं. त्यातही जुने कितीतरी दुवे उघडतच नव्हते.

मोजणीचा घोळ वेगळाच. त्रिनिदादचा तस्करीविरोधी कायदा 2011 चा, अमलात आला जानेवारी 2013 मध्ये. त्याआधी पोलिसांच्या कागदावर गुन्ह्याला हे नावच नव्हतं, मग बातमीत कुठून येणार? 2013 नंतर बातम्या वाढल्या म्हणून तस्करी वाढली, असं लिहायला माझा हात धजावला नाही.

आणि आपली भाषाही मला अडवत होती. सोनं चोरून आणलं तरी ‘तस्करी’, माणूस चोरवाटेने सीमेपार नेला तरी ‘तस्करी’, मुलीला फसवून धंद्याला लावलं तरी ‘तस्करी’. व्हेनेझुएलाचा किनारा त्रिनिदादपासून जवळच्या ठिकाणी जेमतेम 11 किलोमीटर. उपासमारीला कंटाळून एखादी स्वखुशीने बोटीत बसते आणि पलीकडे उतरल्यावर विकली जाते. तिची नोंद कोणत्या रकान्यात करायची? एप्रिल आणि मे 2019 मध्ये व्हेनेझुएलातल्या ग्वीरियाहून त्रिनिदादकडे निघालेल्या दोन बोटी बुडाल्या, कित्येक जण बेपत्ता झाले. त्यांतल्या मुलींना विकायला नेलं जात होतं, असा संशय व्हेनेझुएलात व्यक्त झाला. इंग्रजी बातम्यांपुरतं राहिले असते तर माझ्या तक्त्यात त्या निव्वळ जलदुर्घटना ठरल्या असत्या. चाळिशीत स्पॅनिश शिकायला बसले ते त्यामुळे.

त्रिनिदादच्या एका पत्रकार बाईंशी रात्री उशिरा फोनवर बोलायचे. आपली घड्याळं साडेनऊ तास पुढे. मी तक्रार केली, की तुमच्या बातम्यांत त्या मुलींचं म्हणणं का नसतं? त्या म्हणाल्या, “आमचा देश चौदा-पंधरा लाखांचा. गावाचं आणि बारचं नाव छापलं की मुलगी कोण ते सगळ्यांना कळतं. तिला विकणाऱ्यालाही.” त्यानंतर मी माझ्या प्रबंधातून गावांची नावं काढून टाकली.

मराठी वार्ताहरांना माझी एक विनंती आहे. ‘सुटका’ असं लिहाल, तेव्हा महिन्याभराने ती मुलगी कुठे आहे, एवढं विचारा. तिची ओळख उघड न करता तीही बातमी छापा.