कुठलं औंध?

"गाव कुठलं?" काकांनी पहिल्याच दिवशी दारात विचारलं.

"औंध."

"मुलाखतही औंधलाच आहे ना तुझी? मग सांग, गाडी कुठल्या औंधला पाठवू?"

मी खटाव तालुक्यातल्या औंधची, यमाईच्या डोंगराखालची. मुलाखत पुण्याच्या औंधला. राज्यात १०८ची रुग्णवाहिका सेवा २०१४च्या सुरुवातीला सुरू झाली होती आणि तिच्या नियंत्रण कक्षात फोन घ्यायला माणसं हवी होती. काका आमचे घरमालक. पोलिसांच्या नियंत्रण कक्षात, १०० नंबरच्या फोनवर त्यांची २८ वर्षं गेलेली. भाडं मागायला आले की बसायचे नाहीत, आणि त्या महिन्यात भाडं मागायलाही आले नाहीत. मी ते ध्यानात ठेवलं, बोलले मात्र नाही.

मी छापील माहिती घोकत होते. ९३७ रुग्णवाहिका, त्यातल्या २३३ ॲडव्हान्स्ड लाइफ सपोर्टच्या, ७०४ बेसिक, प्रत्येक गाडीत डॉक्टर. काकांनी वही मिटली. "हे त्यांना माहीत आहे. तू फोन घे."

संध्याकाळी सातला शिकवणी सुरू व्हायची. मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि बाहेरच्या खोलीतून, मधलं दार लोटून, काकू फोन करायच्या. चेहरा दिसता कामा नये, हा काकांचा नियम. काकूंना नाटकात जायचं होतं, घरच्यांनी जाऊ दिलं नव्हतं, एवढं मला ऐकून माहीत होतं. त्यांनी काय काय केलं म्हणून सांगू! नवरा जिन्यावरून पडलेली बाई, पत्ता सोडून सगळं सांगणारा दारुडा, "हॅलो, कोण बोलतंय" म्हणून खिदळणारं पोर. एकदा तर नुसताच श्वास. मी तीनदा "हॅलो" म्हणून फोन ठेवला, आणि त्या रात्री काकांनी पहिल्यांदा आवाज चढवला. "जो बोलू शकत नाही त्याचाच फोन तू ठेवलास!"

त्यांचा क्रम ठरलेला. आधी ठिकाण, मग नंबर, मग काय झालंय ते. मला हे कोरडं वाटायचं. माणूस रडतोय आणि आपण तालुका विचारायचा? पण लाइन मध्येच तुटली तर काय झालंय हे कळून उपयोग नाही, कुठं झालंय हे कळलं तर गाडी तरी निघते. ठिकाण म्हणजे "मारुतीच्या देवळाजवळ" नव्हे. मारुतीचं देऊळ नाही असं गाव दाखव, म्हणायचे. एकट्या पुणे जिल्ह्यातली वडगावं त्यांनी माझ्याकडून पाठ करून घेतली: मावळ, शेरी, बुद्रुक, खुर्द, निंबाळकर. बुद्रुक ऐकून खुर्दला गाडी धाडणाऱ्याला ते काय म्हणायचे ते इथं लिहिता येणार नाही.

"घाबरू नका" या दोन शब्दांवर बंदी होती. "असं म्हटल्यावर घाबरायचं कोण थांबलंय आजवर? त्यापेक्षा काम दे. दाराची कडी काढून ठेवायला सांग, पोराला बॅटरी देऊन रस्त्यावर उभं करायला सांग."

प्रत्येक फोनाला काका माझ्या वहीत दहापैकी गुण द्यायचे. चार, पाच. एकदाच आठ.

मुलाखतीच्या आदल्या दिवशीचा फोन मात्र वेगळा होता.

"भावाला फुरसं चावलंय," दाराआडून काकू म्हणाल्या. आवाजात नाटक नव्हतं, उलट तो फार साधा होता.

मी गाव विचारलं. राजापूर तालुक्यातलं एक नाव आलं. वाडी विचारली. मधली वाडी. गाडी तिथपर्यंत येते का? "नाही. सडा उतरून डोलीनं आणावं लागतं." मी म्हटलं, त्याला चालवू नका, पाय हलू देऊ नका, जखमेला ब्लेड लावू नका, दोरी आवळू नका, डोली निघू दे, गाडी रस्त्यावर उभी असेल. पलीकडून बराच वेळ काही आलं नाही. मी फोन ठेवला नाही.

"किती वाजेपर्यंत येईल?" त्यांनी विचारलं.

मला उत्तर सुचलं नाही. काका उठून बाहेरच्या खोलीत गेले.

नंतर ते एवढंच म्हणाले, १९८३ साली त्या गावात फोन होता तो पोस्टात, आणि रात्री पोस्टाला कुलूप.

मुलाखतीत त्यांनी आकडे विचारलेच नाहीत. पहिला प्रश्न होता, गाव कुठलं. "औंध, तालुका खटाव, जिल्हा सातारा," मी म्हटलं. समोरचे साहेब हसले. त्यांना पुढचा प्रश्न विचारायची गरज उरली नसावी.

नोकरी लागली तेव्हा थकलेलं भाडं घेऊन गेले. काकांनी ते मोजून घेतलं, पावती दिली. ती वही अजून माझ्याकडं आहे. शेवटच्या पानावर मी लिहिलेलं आहे: राजापूर, मधली वाडी, सर्पदंश. समोर गुणांची जागा कोरी.