दाभोळच्या खाडीकाठी पणजीच्या नावाचा शोध

वाशिष्ठी नदी समुद्राला मिळते तिथे, उत्तर काठावर दाभोळ आहे. समोरच्या धोपाव्याहून फेरीबोटीने आलात, तर धक्क्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर आदिलशाही काळातील शाही मशीद लागते. विजापूरच्या धर्तीचा तिचा घुमट आणि मिनार पाहायला पर्यटक येतात. आम्ही तिघे भावंडे आलो होतो ते आपले पूर्वज शोधायला. आमचे मूळ गाव याच खाडीकाठचे.

कोकणी मुसलमानांच्या अनेक घरांत पूर्वज अरबस्तानातून आल्याचे सांगतात. आमच्याही घरात तेच ऐकत आलो. दाभोळ पाहिले की ही समजूत का रुजली ते कळते. बहमनी काळात हे मोठे बंदर होते. रशियन व्यापारी अफानासी निकितिन पंधराव्या शतकात इथूनच परतीच्या जहाजावर चढला. 1508 मध्ये पोर्तुगीजांनी हे शहर जाळले, तरी खाडीतली ये-जा थांबली नाही. आमच्या आडनावांतही तो समुद्र आहे. सारंग म्हणजे खलाशांचा म्होरक्या, तांडेल म्हणजे गलबत चालवणारा, नाखवा हे फारसी ‘नाखुदा’ म्हणजे जहाजाचा धनी.

पण आडनाव घराण्याचा धंदा सांगते, माणूस सांगत नाही. माणसे शोधायला आम्ही आधी गावच्या कब्रस्तानात गेलो. जुन्या कबरींवर जांभ्याचे चिरे, नाव एकावरही नाही. दुआ करून निघालो, ते तहसील कचेरीत. सातबारावरून मागे मागे जात जुन्या फेरफाराची नक्कल मिळाली. ती मोडीत होती. एका मोडी जाणणाऱ्या गुरुजींनी वाचून दिली. पणजोबांच्या पश्चात वारस म्हणून तीन मुलगे लागले होते. पणजीचे नाव नव्हते आणि दोन मुलींचेही नव्हते. शरीअतने मुले असताना पत्नीचा आठवा हिस्सा आणि मुलीचा मुलाच्या निम्मा हिस्सा ठरवून दिला आहे. पुरुष महिनोन् महिने जहाजावर असताना जिने ही शेती सांभाळली, तिची त्या कागदावर एक ओळही नव्हती.

ती ओळ सापडली जमातीच्या निकाहच्या रजिस्टरात. उर्दूतल्या त्या नोंदीत वधूचे नाव, तिच्या वालिदांचे नाव, गाव, मेहरची रक्कम आणि गवाह, सारे होते. घरात जिला सगळे नुसते ‘बडी अम्मा’ म्हणत, तिचे खरे नाव आम्ही प्रथमच वाचले. माहेर खाडीपलीकडचे निघाले.

दुसऱ्या दिवशी फेरीने पलीकडे गेलो. पणजीच्या भावाची नात, पंच्याऐंशीच्या पुढच्या, ओटीवर बसल्या होत्या. ओळख सांगताच त्यांनी आधी घावन आणि चहा पुढे केला, मग बोलणे. त्या दोन मुलींची, म्हणजे आमच्या अब्बांच्या फुफींची नावे त्यांना पाठ होती. थोरली निकाह होऊन केपटाऊनला गेली. तिकडे कोकणातली बरीच कुटुंबे स्थायिक झाली आहेत. धाकटी दोन गावे सोडून दिलेली. “ईदला दोघी माहेरी यायच्या, पण जमिनीचे कधी कुणी काढले नाही,” त्या म्हणाल्या.

घरी येऊन आम्ही शजरा नव्याने लिहिला. जुन्या शजऱ्यात बापाखाली मुलगे एवढेच होते. आता प्रत्येक नावाशेजारी पत्नीचे नाव आणि खाली मुलीही आहेत. तो अब्बांनी आणि चाचांनी पाहिला. त्याच जमिनीची वाटणी सध्या व्हायची आहे. या वेळी आमच्या फुफीचे आणि बहिणींचे नाव सातबारावर लागेल, असे त्यांनी ठरवले आहे. केपटाऊनच्या शाखेचा शोध चालू आहे.

आपणही शोध घेणार असाल, तर घरातल्या सर्वांत वृद्ध बाईपाशी आधी बसा. कचेरीतले कागद टिकतात; त्यांच्या आठवणींची नक्कल मात्र कुठल्याच दफ्तरात मिळत नाही.