पुळणीवर पायीच चला

म्हसळ्याहून मोटारसायकलने बोर्लीपंचतनमार्गे दिवेआगरला निघालात, की वळणांचा रस्ता उतरताच नारळी-पोफळीच्या वाड्या लागतात. त्यांच्या पलीकडे सुरूचे बन आणि वाळूच्या टेकड्या. वाटेत थांबून पाठ-मान सैल करा, तहानेची वाट न पाहता पाणी प्या. वाळू दिसताच मात्र गाडी पक्क्या रस्त्यावरच ठेवा.

या टेकड्या म्हणजे निर्जीव ढीग नव्हेत. वाऱ्याने उडालेली वाळू मर्यादवेल अडवते व मुळांनी बांधते. चाकांखाली ही वेल तुटली, की टेकडी खचू लागते. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनारपट्टीवर धडकले. अशा वेळी लाटांचा पहिला मार ही वाळूच झेलते. हिवाळ्यात ऑलिव्ह रिडले कासवे याच पुळणीत अंडी घालतात. म्हणूनच सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत वाळूच्या टेकड्यांना संरक्षण आहे.

पायी चालण्यात लाभ आपलाच आहे. मऊ वाळूवर चालताना, वेग तोच ठेवला तरी, कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. पोटऱ्या आणि घोटे बळकट होतात. गुडघे दुखत असल्यास ओल्या, घट्ट वाळूवरून चालावे. ऊन उतरल्यावर, मुलांचा हात धरून, आरंभी अर्धा तास पुरे.